रीरन मारला की हिरवी होणारी बिल्ड: एका टेस्ट सूटचं पूर्ण प्रकरण

सेटअप अगदी नेहमीचा होता. मागे जावा, पुढे जावास्क्रिप्टच्या स्क्रीन, ब्राउझरच्या टेस्ट सेलेनियममध्ये (कोडने ब्राउझर चालवणारं साधन) लिहिलेल्या आणि मेव्हनच्या (जावाचं बिल्ड साधन) शुअरफायर या टेस्ट चालवणाऱ्या प्लगइनने चालणाऱ्या. सीआयवर, म्हणजे कोड आला की आपोआप बिल्ड करून टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर, हे सगळं डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठीची वेगळी बंदिस्त जागा), क्रोम हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता. तक्रारही नेहमीचीच, की डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं पास होतं आणि सीआयवर आज ही टेस्ट पडते उद्या ती, कोड कोणी बदललेला नसतो, पुन्हा चालवली की पास.

टीमने यावर जे केलं तेही बहुतेक टीम करतात तेच. शुअरफायरमध्ये पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवायची सेटिंग असते, रीरन-फेलिंग-टेस्ट्स-काउंट, ती २ वर ठेवली. म्हणजे टेस्ट पडली तर अजून दोन संधी, त्यातली एक जरी पास झाली तरी बिल्ड हिरवी, म्हणजे पास. आणि एवढं करूनही लाल राहिली तर ठरलेलं वाक्य, "अरे रीरन मार, होईल." बऱ्याचदा व्हायचंही. पण सूट (सगळ्या टेस्टचा संच) हळूहळू इतका रेंगाळायला लागला की लोक आपला कोड मुख्य कोडमध्ये मर्ज करायच्या आधी निकालाची वाटच बघेनात, आणि टेस्टर मंडळी लाल रंगाकडे लक्ष द्यायची बंद झाली. माझ्या मते खरी किंमत हीच असते, वेळ जातो तो जातोच पण लाल दिसल्यावर कोणी दचकत नाही.

मी या प्रकरणात शिरलो तेव्हा टीमचा अंदाज असा होता की सीआयचं मशीन स्लो आहे, मोठं मशीन घ्यावं. थोडं खरं होतं. पण "कधीकधी पडतात" या एका नावाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात हे कोणी बघितलं नव्हतं, आणि ते बघितल्याशिवाय मशीन वाढवणं म्हणजे नुसता खर्च. म्हणून एकाही टेस्टला हात न लावता आधी पडण्याच्या नोंदी गोळा करायचं ठरलं.

इथे शुअरफायर फार कामाला येतं आणि हे अनेकांना माहीत नसतं. टेस्ट पहिल्यांदा पडून नंतर पास झाली तरी टारगेट फोल्डरमधल्या शुअरफायर-रिपोर्ट्सच्या एक्सएमएल फाइलमध्ये ते पडणं लिहून ठेवलेलं असतं, पूर्ण स्टॅक ट्रेससकट (चूक कोडच्या कोणत्या ओळींतून आली त्याची यादी). त्यासाठी दोन टॅग असतात, फ्लेकी-फेल्युअर आणि फ्लेकी-एरर (फ्लेकी म्हणजे कधी पास कधी नापास). पहिला म्हणजे असर्शन (मिळालेलं उत्तर अपेक्षेशी जुळतं का ही तपासणी) पडलं, टेस्ट शेवटपर्यंत पोचली पण उत्तर चुकीचं आलं. दुसरा म्हणजे मध्येच एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक) आलं, टेस्टला काम पूर्णच करता आलं नाही. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं फिरलं.

अडचण एवढीच होती की सीआयवर बिल्ड हिरवी झाली की रिपोर्ट फेकून द्यायचे अशी सेटिंग होती, डिस्क वाचवायला. ती बदलली, बिल्ड लाल असो वा हिरवी एक्सएमएल आणि स्क्रीनशॉट जपून ठेवायचे. काही दिवस साठू दिलं, मग एक छोटी स्क्रिप्ट, प्रत्येक पडण्याच्या मेसेजची पहिली ओळ घ्यायची, त्यातले आकडे आणि सेशन आयडी पुसून टाकायचे (नाहीतर प्रत्येक ओळ वेगळी दिसते आणि गट पडतच नाहीत), आणि सॉर्ट करून युनिक-काउंट लावायचा. एवढ्या साध्या गोष्टीने सगळा गोंधळ थोड्याशाच ढिगांत वाटला गेला, आणि प्रत्येक ढिगाचं कारण वेगळं निघालं.

सगळ्यात मोठा ढीग होता "सेशन डिलिटेड बिकॉज ऑफ पेज क्रॅश" आणि त्याच्या शेजारी "टॅब क्रॅश्ड". टेस्टची नावं बघितली तर रिपोर्ट आणि चार्टवाल्या जड स्क्रीनच जास्त. हे दिसलं की मशीनची रॅम बघायच्या आधी कंटेनरची शेअर्ड मेमरी बघायची. क्रोम एकच प्रोसेस नसतो, मुख्य ब्राउझर वेगळा, प्रत्येक पान रंगवणाऱ्या रेंडरर प्रोसेस वेगळ्या, आणि लिनक्सवर ते एकमेकांना डेटा देतात तो डेव्ह-एसएचएम नावाच्या जागेतून. डॉकर ही जागा प्रत्येक कंटेनरला डिफॉल्ट फक्त ६४ एमबी देतं, मग मशीनला रॅम कितीही असो. साध्या फॉर्मला ६४ एमबी पुरतात, मोठा चार्ट आणि लांबलचक टेबल एकदम आलं की नाही पुरत, आणि क्रोम तिथेच कोसळतो. लॅपटॉपवर ही मर्यादाच नसते म्हणून तिथे कधी दिसत नाही. म्हणजे मोठं मशीन घेतलं असतं तरी हा ढीग जसाच्या तसा राहिला असता.

खात्री करायला कंटेनरमध्ये शिरून डीएफ कमांड त्या जागेवर मारायची, साइझ लगेच दिसते. उपाय म्हणजे कंटेनर सुरू करताना एसएचएम-साइझ वाढवणं, सेलेनियमच्या स्वतःच्या डॉकर इमेजच्या (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) माहितीतही २ जीबी द्या असंच सांगितलंय. डॉकर कंपोझमध्येही यासाठी स्वतंत्र की आहे. नेटवर सगळीकडे दुसरा उपाय सापडतो, क्रोमला डिसेबल-डेव्ह-एसएचएम-यूसेज हा फ्लॅग देणं. तो चालतो, त्याने क्रोम ती जागा सोडून टेंप फोल्डरमध्ये फाइली करतो, पण मग तुम्ही डिस्कच्या वेगावर अवलंबून, म्हणून जिथे कंटेनरची सेटिंग आपल्या हातात नाही तिथेच मी तो वापरायला सांगतो. कुबरनेटिसवर (अनेक कंटेनर एकत्र सांभाळणारी प्रणाली) एसएचएम-साइझचा ऑप्शनच नाही, तिथे एम्टी-डिर प्रकारचं व्हॉल्यूम मीडियम मेमरी ठेवून त्या जागी माउंट करावं लागतं, आणि त्यात जे भरेल ते कंटेनरच्या मेमरी लिमिटमध्ये मोजलं जातं, त्यामुळे लिमिटही सोबत वाढवायची.

अजून एक, पूर्ण कंटेनरच मेला आणि एक्झिट कोड १३७ आला तर तो प्रकार वेगळा, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलने मारलेलं असतं, डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएम-किल्ड ट्रू आहे का ते बघायचं. इथे तसं काही नव्हतं. शेअर्ड मेमरी वाढवल्यावर क्रॅशचा ढीग बंद झाला, आणि मशीन स्लो असल्याची चर्चाही बरीच थंडावली.

दुसरा ढीग "एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड". म्हणजे सेव्ह बटनावर क्लिक करायला गेलो पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी आलंय. या मेसेजमध्ये क्लिक कोणाला मिळाला असता तेही लिहिलेलं असतं आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत, वरची ओळ बघून थ्रेड-स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) टाकून मोकळे होतात. इथे आड येणारं एलिमेंट होतं "यशस्वीपणे जतन झालं" असं सांगणारा टोस्ट, जो काही सेकंदांनी आपोआप जातो. पण लॅपटॉपवर तो कोपऱ्यात येतो, बटनाच्या जवळपासही नाही, मग सीआयवर कसा येतो? स्क्रीनशॉट उघडला आणि त्याची साइझ बघितली, ८०० बाय ६००. त्यांचा क्रोम जुन्या हेडलेस मोडमध्ये चालत होता आणि त्यात खिडकीची डिफॉल्ट साइझ तेवढीच असते. एवढ्याशा जागेत पानाचा मोबाइलसारखा लेआउट लागला, बटन खाली सरकलं आणि टोस्ट बरोब्बर त्याच्यावर. टेस्ट जलद पळाली तर टोस्ट अजून तिथेच, हळू पळाली तर गेलेला, म्हणून कधी पास कधी नापास.

विंडो-साइझ फ्लॅगने १९२० बाय १०८० दिलं की झालं. मॅक्सिमाइझवर भरवसा ठेवू नका, हेडलेसमध्ये खरी स्क्रीनच नसते त्यामुळे कशाच्या मानाने मॅक्सिमाइझ करायचं हाच प्रश्न. क्रोम ११२ पासून, म्हणजे २०२३ पासून, नवा हेडलेस मोड आलाय जो खऱ्या ब्राउझरसारखाच वागतो, शक्य असेल तर तोच घ्या, फक्त तिथे पानाला मिळणारी उंची दिलेल्या आकड्यापेक्षा थोडी कमी असते हे स्क्रीनशॉट जुळवून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि जुने सगळे स्लीप काढून टाकले, ते आता कशासाठीच नव्हते.

वेटचा विषय मात्र जरा किचकट. टाइमआउटचा एक ढीग होता आणि त्याच्याबरोबर अशी तक्रार की वेट दिलाय तेवढा वेळ थांबतच नाही, कधी जास्त थांबतो. फ्रेमवर्कच्या बेस क्लासमध्ये कोणीतरी फार पूर्वी इम्प्लिसिट वेट (प्रत्येक एलिमेंट शोधताना सरसकट थांबणं) लावलेला आणि नंतर आलेल्या लोकांनी प्रत्येक पानावर वेब-ड्रायव्हर-वेट वापरून एक्सप्लिसिट वेट (एक ठरावीक अट पूर्ण होईपर्यंत थांबणं) लिहिलेले. हे दोन एकत्र वापरू नका असं सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट सांगितलंय, तिथलं उदाहरणच असं आहे की इम्प्लिसिट १० सेकंद आणि एक्सप्लिसिट १५ सेकंद ठेवले तर टाइमआउट २० सेकंदांनी येऊ शकतो. कारण एक्सप्लिसिट वेट आतून पुन्हा पुन्हा एलिमेंट शोधत असतो, आणि त्यातल्या प्रत्येक शोधाला इम्प्लिसिट वेट आपला वेळ लावतो, १० सेकंदांचा पहिला शोध संपला तेव्हा १५ झाले नव्हते म्हणून दुसरा सुरू झाला, तो मध्ये तोडता येत नाही. सगळ्यात वाईट हाल होतात ते "एलिमेंट नाहीसं होईपर्यंत थांब" अशा ठिकाणी, एलिमेंट केव्हाच गेलेलं असतं आणि इम्प्लिसिट वेट ते येईल म्हणून पूर्ण वेळ वाट बघत बसतो. सूट रेंगाळत होता त्यातला मोठा भाग हा होता! इम्प्लिसिट शून्य केला. त्या दिवशी काही टेस्ट नव्याने पडल्या, पडणारच, कारण त्या नकळत इम्प्लिसिटवर टेकून उभ्या होत्या, त्यांना एकेक करून नीट एक्सप्लिसिट वेट लावला.

याच भागात "स्टेल एलिमेंट रेफरन्स" होता. सर्च केलं की टेबल नव्याने रंगतं, आणि टेस्टने आधी पकडून ठेवलेली ओळ आता पानावर राहिलेलीच नसते. इथे लोक ट्राय-कॅच लावून पुन्हा क्लिक करतात, तसं करू नये, चुकून जुन्या टेबलातल्या ओळीवर क्लिक होऊन टेस्ट पुढे जाऊ शकते. सर्चच्या आधी जुनी ओळ धरायची, सर्च दाबायचं, ती ओळ स्टेल होईपर्यंत थांबायचं (स्टेलनेस-ऑफ ही कंडिशन त्यासाठीच आहे) आणि मग नवी शोधायची.

तारखेच्या टेस्टचा ढीग छोटा होता पण त्याची खूण मजेशीर, मेसेजमध्ये एका दिवसाचा फरक आणि पडण्याच्या वेळा दिवसाच्या ठरावीक तासांतच. कंटेनर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ), ॲपचा सर्व्हर वेगळ्या टाइमझोनवर, टेस्ट स्वतःच्या मशीनवरून "आज" काढते आणि स्क्रीनवरच्या तारखेशी जुळवते, मग दोन्हीकडच्या मध्यरात्रींच्या मधल्या काळात दोघांचा आज वेगळा. टेस्टच्या जेव्हीएमला (जावाचा कोड चालवणारी प्रोसेस) यूझर-टाइमझोन देऊन लगेच भागलं, फक्त ते मेव्हनच्या कमांडवर न देता शुअरफायरच्या आर्गलाइनमध्ये (त्या जेव्हीएमला द्यायचे पर्याय) द्यायचं, कारण टेस्ट वेगळ्या फोर्क केलेल्या जेव्हीएममध्ये चालतात आणि टाइमझोन तिथे सुरुवातीपासूनच हवा. आणि आर्गलाइन स्वतः लिहिताना जाकोको (टेस्टने किती कोड तपासला ते मोजणारं साधन) वापरत असाल तर सांभाळा! जाकोको आपला एजंट त्याच प्रॉपर्टीतून घुसवतो, तुम्ही थेट लिहिलं की तो उडतो आणि कव्हरेज गपचूप शून्य होतं, म्हणून सुरुवातीला ॲट चिन्ह आणि महिरपी कंसात आर्गलाइन असं लिहून मग आपलं जोडायचं. कायमचा उपाय म्हणजे कोडमध्ये थेट नाऊ न मागता जावा ८ पासूनचा क्लॉक बाहेरून देणं, आणि ते त्यांनी नव्या कोडपुरतं सुरू केलंय.

ड्रायव्हर (टेस्टच्या आज्ञा ब्राउझरपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) आणि क्रोमचं व्हर्जन न जुळण्याचा प्रकारही होता, त्यात मात्र एक-दोन टेस्ट नाही तर पूर्ण बिल्डच "सेशन नॉट क्रिएटेड" म्हणून जायची. इमेजला लेटेस्ट टॅग, क्रोम स्वतः पुढे गेला, ड्रायव्हर मागे. इमेजचं व्हर्जन पिन करा, आणि सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर ड्रायव्हर स्वतः शोधून आणतो, त्यामुळे रिपॉझिटरीत ठेवलेली जुनी ड्रायव्हरची फाइल काढून टाका.

आता तो ढीग ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. वरचे बहुतेक सगळे फ्लेकी-एररमधले होते. फ्लेकी-फेल्युअरमध्ये अगदी मोजक्या नोंदी उरल्या आणि त्यांचा मेसेज एकच, अपेक्षित १, मिळाले २. एक नवीन ऑर्डर टाकायची आणि यादीत एकच दिसते का बघायची, एवढी साधी टेस्ट. रीरनला दर वेळी पास. टीमचं म्हणणं होतं की आधीच्या टेस्टचा डेटा साफ होत नसेल, आणि हा अंदाज चुकीचा वाटावा असं वरवर काही नव्हतं. पण प्रत्येक टेस्ट ग्राहकाचं नाव रँडम बनवत होती आणि दोन्ही ओळींवर तेच नाव, म्हणजे आधीच्या टेस्टचा डेटा असूच शकत नाही. त्याच टेस्टने दोनदा ऑर्डर टाकली होती.

सर्व्हरचा लॉग त्या वेळेचा काढला तर सेव्हची पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरला नवा डेटा पाठवणारी) दोनदा, तोच मजकूर, मध्ये काही सेकंद. टेस्टने क्लिक एकदाच केलेला. मग फ्रंटएंडचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा, कोड उघडला. तिथे एचटीटीपी कॉल करणारं जे कॉमन फंक्शन होतं त्यात टाइमआउट झाला की आपोआप पुन्हा पाठवायची सोय होती, सगळ्या रिक्वेस्टसाठी सरसकट. गेटला (नुसती माहिती मागणारी रिक्वेस्ट) ते चालतं, दहा वेळा मागवलं तरी सर्व्हरवर काही बदलत नाही. पोस्ट तसा नसतो, एचटीटीपीच्या नियमांतच गेट आणि पुट हे पुन्हा पाठवले तरी परिणाम तोच राहील असे मानलेत आणि पोस्ट त्यात नाही. सीआयचं मशीन मध्येच दमायचं, पहिल्या रिक्वेस्टचं काम सर्व्हरवर पूर्ण व्हायचं पण उत्तर उशिरा निघायचं, तोवर ब्राउझरने टाइमआउट समजून दुसरी पाठवलेली. म्हणजे ज्याचं नेट स्लो आहे अशा खऱ्या माणसाच्या बाबतीत हेच होणार, आणि त्याला रीरन नाही, त्याच्या नावावर दोन ऑर्डर.

सपोर्टकडे विचारलं तर दुहेरी ऑर्डरच्या तक्रारी आलेल्या होत्या, "ग्राहकाने दोनदा क्लिक केलं" असं लिहून बंद केलेल्या. टेस्ट हे बऱ्याच काळापासून ओरडून सांगत होती आणि रीरनची सेटिंग तिचं तोंड दाबत होती. मला हे मनापासून लागलं, कारण ज्याने ती टेस्ट लिहिली त्याने काम चोख केलं होतं.

दुरुस्ती दोन्ही बाजूंनी झाली. फ्रंटएंडमध्ये आपोआप पुन्हा पाठवणं फक्त गेटपुरतं ठेवलं. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण मधला प्रॉक्सीही कधीकधी पुन्हा पाठवतो आणि माणूस बटन दोनदा दाबतोच. म्हणून फॉर्म उघडताना एक युनिक की बनवायची, ती सेव्हच्या रिक्वेस्टबरोबर जाते, आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दोनदा येऊ न देणारा नियम). दुसरी रिक्वेस्ट आली तर नवीन ऑर्डर न करता पहिलीचंच उत्तर परत द्यायचं. हे नुसतं कोडमध्ये "आधी आहे का बघ, नसेल तर टाक" असं करून भागत नाही, दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दोघींनाही "नाही" असंच दिसतं, म्हणून शेवटचा पहारा डेटाबेसचाच हवा. आणि एक नवीन टेस्ट, जी सर्व्हरचं उत्तर मुद्दाम उशिरा सोडते आणि ऑर्डर एकच राहते का बघते. पूर्वी जे नशिबाने दिसायचं ते आता दर बिल्डला ठरवून तपासलं जातं.

रीरनचं काय केलं? पूर्ण बंद करायचा टीमचा विचार होता, मी नको म्हणालो, एकदम बंद केलं असतं तर उरलेल्या नोंदींमुळे सगळ्यांची कामं अडली असती आणि सेटिंग पुन्हा गुपचूप २ वर गेली असती. २ वरून १ वर आणली, आणि नियम असा केला की फ्लेकी-एरर आला तर बिल्ड हिरवी राहील पण रोजच्या यादीत नाव येईल, फ्लेकी-फेल्युअर आला तर बिल्ड लाल, रीरनला पास झाली तरीही. शुअरफायर हा भेद स्वतः करत नाही, त्यामुळे एक्सएमएल वाचणारी तीच छोटी स्क्रिप्ट पाइपलाइनच्या शेवटी लावली, फ्लेकी-फेल्युअर टॅग सापडला की ती एरर कोड देऊन बाहेर पडते.

सध्या यादीत उरलंय ते मुख्यतः एका स्क्रीनवरचं स्टेल एलिमेंट, जिथे टेबल दर काही सेकंदांनी आपोआप रिफ्रेश होतं आणि स्टेलनेस-ऑफची युक्ती पुरत नाही, कारण ओळ आपल्या सर्चमुळे गेली की रिफ्रेशमुळे हे कळत नाही. फ्रंटएंडवाल्यांकडे मागणी केलीये की टेबलावर एक डेटा ॲट्रिब्यूट द्या ज्यात शेवटच्या सर्चचा नंबर असेल, मग टेस्ट त्या नंबरची वाट बघेल. ते ॲट्रिब्यूट आलं की ती टेस्ट रोजच्या यादीतून निघेल, तोवर तिचं नाव तिथे दिसत राहू दे.